चौथा बोल्ट

आमच्या ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेनीत सापडली, त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा मोटारसायकलीचा क्लच उघडला.

जवळा बाजारला रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, हत्यारांची एक लाकडी पेटी आणि समोर लिंबाचं झाड. मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीचेच होतो. हे गाडी स्टँडवर चालू ठेवून फडक्यानं चेन पुसत होते. फडकं दातऱ्यात ओढलं गेलं आणि त्याच्यामागं बोटं. टाके पडले, पंजाभर पट्टी आली आणि डॉक्टरांनी दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं.

दीड महिना दुकान बंद ठेवायला हे तयार नव्हते. हाताखाली कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टूल ओढून पत्र्याखाली बसले आणि मला म्हणाले, "मी सांगतो, तू खोल. भांडे घासती तसंच हाय ते."

"भांडं नीट घासलं न्हाई तर कोणी मरत न्हाई," मी म्हणाले.

ते हसले. मला हसू आलं नाही. लग्न झाल्यापासून सात वर्षं मी त्या पेटीतली हत्यारं मागतील तशी हातात देत आले होते. कोणता पाना कुठं लागतो हे मला पाठ होतं. पण देणं वेगळं आणि लावणं वेगळं. शिवाय यांनीच कधीतरी जेवताना सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. हे कनेरगाव नाक्याला ज्या उस्तादाकडं काम शिकले, तिथं एका गाडीच्या क्लचमधला बोल्ट ढिला राहिला. चालत्या गाडीत तो निसटून आत पडला, दातऱ्यांत अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. गाडीवरच्या माणसाचं काय झालं, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस पंक्चर, ब्रेक, ऑइल असली कामं आली. ती मी केली. मग बाजाराच्या दिवशी सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या एका तांड्यावरचे गुरुजी गाडी घेऊन आले. त्यांची बायको मागं बसलेली होती. सातवा-आठवा महिना असावा. उतरताना तिनं एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि दुसरा पोटाखाली धरला होता.

"मिस्त्री, गाडी नुसती ओरडायली, पळत न्हाई," गुरुजी म्हणाले. "चढाला तर पार दम सोडती. जळाल्यावानी वास येऊन राहिला."

"क्लच घसरून राहिला," हे म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवून नाही म्हणाले. त्यांनी न पाहिल्यासारखं केलं आणि गुरुजींना म्हणाले, "दोन-तीन तास लागतील. बाजार करून या."

गुरुजी बाजारात गेले. त्यांच्या बायकोला उन्हात फिरवत नव्हतं, ती आमच्या लिंबाखाली पोतं टाकून बसली. माझ्या पाठीमागं, चार हातांवर. ती तिथं नसती तर ते काम मला कदाचित जरा सोपं गेलं असतं.

ह्यांनी जमिनीवर जुना पेपर अंथरायला लावला. "जे निघंल ते निघंल त्या क्रमानं डावीकडून ठेवत जा. बसवताना उजवीकडून उचलायचं." मी खालून ऑइल काढून घेतलं. काळं झालं होतं आणि त्याला करपलेला वास होता. किक काढली, उजव्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू सोडवले. झाकण चिकटून बसलं होतं, ते लाकडाच्या दांड्यानं हळूहळू ठोकून सुटं केलं. आत क्लच दिसला. चार स्प्रिंगा, त्यांना दाबून धरणारे चार बोल्ट. एवढुसाच तो डबा, वाटी-ताटलीची उतरंड असावी तसा. पण मला तो एखाद्या माणसाचं पोट उघडून पाहिल्यासारखा वाटला.

बोल्ट काढले, स्प्रिंगा काढल्या, मग एकाआड एक प्लेटा. एक कॉर्कची, एक लोखंडाची, पुन्हा कॉर्कची. सगळ्या रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर मांडल्या. हे स्टुलावरून वाकून डाव्या हातानं एकेक उचलत होते.

"ह्या कॉर्कवर बोट फिरव. कसं लागतं?"

"गुळगुळीत. आरशावानी."

"तेच वाईट. ह्याला खरखर पायजे. ही घासून पार पातळ झाली. आता ती लोखंडाची काचेवर ठेव."

दुकानात खिडकीच्या काचेचा एक तुकडा होता, तो यासाठीच ठेवलेला. त्यावर प्लेट सपाट ठेवायची आणि कडेला दाबून पाहायचं. हलली तर वाकलेली. दोन प्लेटा हलल्या. एकीवर निळसर डाग होते. ती तापून तापून तशी झाली होती. स्प्रिंगा त्यांनी एका ओळीत उभ्या करायला लावल्या, सगळ्या एका उंचीच्या आहेत का ते पाहायला. त्या बराबर होत्या. ज्या डब्यात प्लेटा बसतात त्याच्या कडांवर खाचा पडल्या आहेत का, ते नखानं चाचपायला लावलं. थोड्या होत्या, त्या कानशीनं घासून सारख्या केल्या.

नव्या प्लेटा पेटीत होत्या. त्या ऑइलमध्ये भिजत घातल्या आणि मग मी उजवीकडून एकेक उचलत बसवत गेले. प्रत्येक वेळी मी विचारत होते, "बराबर हाय का?" आणि प्रत्येक वेळी हे म्हणत होते, "बराबर हाय, घाबरू नको." मग बोल्ट आले.

"एकदम आवळायचे न्हाईत. समोरासमोरचे जरा जरा, आलटून पालटून. तीन फेऱ्यांत आवळ. शेवटच्या फेरीला जोर लाव."

मी तसंच केलं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला टी-पाना दोन्ही हातांनी धरून जोर लावत होते, तेवढ्यात मागून गुरुजींच्या बायकोचा आवाज आला.

"बाई, थोडं पाणी देता का? गरगरायलं."

मी तशीच उठले. माठातलं पाणी दिलं, ओल्या हातानं तिचं कपाळ पुसलं. तिचं तोंड उतरलं होतं. भिंतीला टेकवून बसवलं, घरातून गुळाचा खडा आणून दिला. दहा मिनिटं गेली असतील. परत आले तेव्हा हे रस्त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी झाकणाचं पॅकिंग लावलं, झाकण बसवलं, स्क्रू आवळले, किक लावली, ऑइल ओतलं. हे परत आले आणि केबलचा ढिलेपणा त्यांनी डाव्या हातानं तपासून जुळवायला लावला.

गुरुजी आले. ह्यांना गाडी चालवून पाहता येत नव्हती, म्हणून गुरुजींनीच बाजारातून एक चक्कर मारली. हसतच आले. "मिस्त्री, एक नंबर झाली!" बायकोला मागं बसवलं, भाजीची पिशवी हँडलला अडकवली आणि गेले.

मी पंधरा-वीस मिनिटं खूश होते. खरंच होते. पेपर गोळा केला, हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागले. सगळी होती, टी-पाना नव्हता. गाडी उभी होती तिथं पाहिलं, स्टुलाखाली पाहिलं. मग माठाकडं नजर गेली. टी-पाना माठाच्या झाकणावर आडवा पडला होता.

पाणी द्यायला उठले तेव्हा मी तो हातात घेऊनच गेले होते. म्हणजे पाणी दिल्यावर मी त्या बोल्टांना हात लावलाच नव्हता. झाकणाच्या स्क्रूंना पेचकस लागतो, पाना लागत नाही, म्हणून त्याची आठवणही झाली नाही. मग पाण्याला उठण्याआधी चारही बोल्ट आवळून झाले होते का? पहिला आठवत होता. दुसरा आठवत होता. तिसऱ्याला माझा अंगठा घसरून खरचटला होता, तो ताजा ओरखडा समोर होता. चौथा? मी डोळे मिटून पाहिलं. चौथ्यावर पाना ठेवल्याचं आठवत होतं. फिरवल्याचं आठवत नव्हतं.

मी एक मिनिटभर असाही विचार केला की सांगूच नये. आवळलाच असेल. हात आपोआप करतो. आणि मग भिंतीला टेकून गुळाचा खडा चघळणारी ती बाई डोळ्यांपुढं आली.

"अहो," मी म्हणाले, "चौथा बोल्ट मी आवळला का न्हाई, मला याद न्हाई."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटच्या फेरीला?"

"व्हय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. ते पाहून मी जास्त घाबरले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गुरुजींच्या तांड्यावर फोन नव्हता. त्या बाजूची एसटी दुपारीच निघून गेली होती. त्यांनी आमची जुनी गाडी पत्र्याखालून ढकलत बाहेर काढली.

"तुमाला चालवता कुठं येती?"

"डाव्या हातानं क्लच धरता येतो. पाय चांगले हायत. रेस फक्त उजव्या हाताला हाय. ती तू दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा मी मागं सरकले. त्यांनी पेचकस, पाना आणि जुनं पोतं पिशवीत घातलं, किक मारली आणि म्हणाले, "दोन्हीकडं पाय टाकून बस. माझ्या बगलेतून हात पुढं घे."

भर बाजारात, ओळखीच्या लोकांसमोर, मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पुरुषासारखी गाडीवर बसले. त्यांच्या पाठीला छाती टेकवून उजवा हात पुढं घातला आणि रेसची मूठ धरली. त्यांनी पट्टीचा हात पोटाशी धरला होता. विड्याची पानं विकणारी म्हातारी आमच्याकडं पाहून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही.

"दे… हळू… कमी… आता दे."

असे आम्ही निघालो. ते डाव्या हातानं क्लच धरून पायानं गिअर टाकायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडं न पाहता, फक्त आवाजावर मूठ पिळायची. मला रस्ता दिसत नव्हता, त्यांच्या खांद्याचा घामानं भिजलेला सदरा दिसत होता. आधी गाडी गचके देत होती. मग जमत गेलं. पण प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता पुढं माणसं गोळा झालेली दिसतील.

आणि एका ठिकाणी ती दिसलीच. उताराच्या पायथ्याशी दहा-बारा लोक रस्त्यात उभे होते, मधे काहीतरी आडवं पडलं होतं. हे म्हणाले, "कमी कर." मी ऐकलं. पण माझा हात माझं ऐकेना. भीतीनं मूठ घट्ट आवळली गेली आणि उलटीच पिळली गेली. गाडीनं एकदम उसळी घेतली. त्यांनी डाव्या हातानं क्लच पूर्ण दाबला. इंजिन नुसतंच जोरात ओरडत राहिलं, चाकाला जोर मिळाला नाही, आणि त्यांनी पायाच्या ब्रेकनं गाडी लोकांपासून पाच-सहा हातांवर थांबवली.

कापसाची बैलगाडी कलंडली होती. कापूस बांधलेलं बोंदरीचं गाठोडं फुटून सगळा रस्त्यावर सांडला होता. कोणाला काही लागलं नव्हतं.

"गुरुजी गेले का हिकडून? मागं बाई बसलेली?" ह्यांनी विचारलं.

"आमी काही पाह्यलं न्हाई, मिस्त्री," एकानं सांगितलं.

मला खाली उतरायचं होतं. "मी चालत येते, तुमी थांबा," असलं काहीतरी वेड्यासारखं बोलले. ते मागं वळले आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "तुला आता उतरता येत न्हाई. धर."

मी धरलं.

तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गुरुजींच्या अंगणात त्यांची आई शेंगा फोडत बसली होती. अंगणात गाडी नव्हती.

"आले न्हाईत अजून," म्हातारी म्हणाली. "तुमी काहून आलात?"

आमच्या आधी वीस मिनिटं निघालेला माणूस, चांगल्या गाडीवर, दोन्ही हात शाबूत असलेला, आणि तो अजून पोचला नव्हता. ह्यांनी काहीबाही सांगितलं. म्हातारीनं बाज टाकली, पाणी दिलं. मी तांब्या तसाच खाली ठेवला. रस्त्यात आम्हाला ते दिसले नव्हते, म्हणजे ते रस्त्यावर नव्हते. मग कुठं होते? रस्त्याच्या कडेचे सगळे खड्डे, सगळी झुडपं माझ्या डोळ्यांपुढून जात होती. मी कुठं नीट पाहिलं होतं? मी तर सदरा पाहत होते.

हे अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडं पाठ होती. पट्टीवर लाल डाग उमटलेला मला दिसला, टाका उसवला होता. मी हाक मारली नाही. असा अर्धा तास गेला. तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांतसुद्धा नाही.

मग कॅनॉलच्या बाजूनं आवाज आला. गाडीचा. आवाज बराबर नव्हता. इंजिन जोरात आणि चाल मंद, हे मला आता नुसतं ऐकून कळत होतं. पण गाडी येत होती. वळणावर गुरुजी दिसले आणि त्यांच्या मागं हिरव्या पदराचं टोक दिसलं.

डांबरी रस्त्यावर खड्डे होते, म्हणून ते बायकोला जपत कॅनॉलच्या मातीच्या वाटेनं आले होते.

"मिस्त्री? तुमी हितं?" गुरुजी म्हणाले. "बरं झालं भेटले. शेवटच्या चढाला परत जरा ओरडायली होती."

"बाईला उतरवा आधी," हे म्हणाले. "गाडी खोलून पाहायची हाय."

पेट्रोलचा कॉक बंद केला आणि झाकण उघडल्यावर ऑइल सांडू नये म्हणून गाडी डाव्या अंगावर पोत्यावर आडवी केली. मी किक काढली, स्क्रू काढले, झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढा एक चकचकीत ओरखडा होता, ताजा. आणि चौथा बोल्ट बाहेर आलेला होता. मी त्याला बोट लावलं. तो बोटानं फिरला. मोजून दोन आटे आत राहिले होते.

गुरुजी वाकून पाहत होते. त्यांना गाडीतलं फार कळत नसेल, पण ढिला बोल्ट कोणालाही कळतो.

"हे तुमी बसवलं ना?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"बसवलं हिनं. बघायचं काम माझं होतं. मी बघितलं न्हाई."

"माझी चूक हाय, गुरुजी," मी म्हणाले. "आवळायचा राहिला."

गुरुजी उभे राहिले. त्यांच्या जबड्याची हाडं हलत होती. अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. त्यांची बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी पाणी मागितलं म्हून झालं का?" तिनं मला विचारलं.

तिथं मला रडू आलं. मी हात ऑइलचे असल्यामुळं कोपरानं डोळे पुसले. "न्हाई गं माय," मी म्हणाले. "तुझं काय चुकलं? तहान लागली तर पाणी मागायचंच."

ह्यांनी पाना माझ्या हातात दिला. स्वतः खाली, माझ्या शेजारी मातीत बसले. गुरुजीही बसले. मी चारही बोल्ट सोडवून पहिल्यापासून आवळले. प्रत्येक बोल्ट झाला की हे त्याला हात लावून पाहायचे आणि मोठ्यानं आकडा म्हणायचे. चौथ्याला मी इतका जोर लावला की ते म्हणाले, "बास, आता तुटंल."

म्हातारीनं चहा दिला. गुरुजींनी घेतला नाही. पण निघताना तेच म्हणाले, "मिस्त्री, ह्या हातानं परत जायचं न्हाई." तांड्यावरच्या एकाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी चढवून त्यांनी आम्हाला जवळ्याला पोचवायची सोय केली. ट्रॉलीत मी ह्यांच्या हाताची पट्टी धरून बसले होते. ते म्हणाले, "उद्या दुकान बंद ठेवू." मी व्हय म्हणाले. दोन दिवस बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काही न विचारता पत्र्याचं दार उघडलं आणि मी पेपर अंथरला.

गुरुजींना मुलगी झाली, हे बाजारात कळलं. ते स्वतः वर्षभर आले नाहीत. मग एकदा आले, गाडीचा क्लच पुन्हा घसरत होता म्हणून. तोपर्यंत ह्यांची बोटं बरी झाली होती, पण वळत नव्हती. बारीक काम सगळं मीच करत होते आणि आजूबाजूच्या गावांत ते सगळ्यांना माहीत झालं होतं. गुरुजी ह्यांना म्हणाले, "तुमी खोलाल ना?" हे म्हणाले, "ती खोलंल. मी बघीन." गुरुजी बराच वेळ गाडीला हात लावून उभे राहिले. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. त्यांची नजर माझ्या हातांवर होती. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला मी हात थांबवला नाही. झाकण बसवायच्या आधी त्यांनी स्वतः वाकून चारही बोल्टांना बोट लावलं.

ते गेल्यावर मी घरात जाऊन भिंतीला टेकून बसले. बाहेरून ह्यांनी हाक मारली, दुसरी गाडी आली होती.

नंतरच्या दहा-बारा वर्षांत मी किती क्लच उघडले याचा हिशेब नाही. प्लेट हातात घेतली की कळतं, घासली का नाही. काचेची गरज उरली नाही. पण बोल्ट आवळताना मी आजही कोणाशी बोलत नाही, कोणी हाक मारली तरी उत्तर देत नाही, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत रस्त्यावर उभी राहते. लोकांना वाटतं बाई मोठी शिष्ट आहे. वाटू दे.